मेजर मायक्रो घ्यावं की केमिस्ट्री? शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचाय

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

लेकीचं बीएस्सीचं पहिलं वर्ष झालं. विषय केमिस्ट्री, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (दुय्यम), तिसऱ्याला रामराम. बॉटनी सुटणार हे नक्की, पुढचं अडलंय.

तिचा जीव मायक्रोत. घरी दह्याच्या विरजणाचीसुद्धा स्लाइड करून झाली! पण एमएस्सी केमिस्ट्रीची वाट बंद व्हायला नको, असं मला वाटतं. केमिस्ट्री नुसती मायनर असेल तर तिथे प्रवेश मिळतो का? कुणाच्या मुलांना मिळालाय का? मेंटॉर सर भले आहेत, पण सगळ्यांना एकच उत्तर : 'आवडेल ते घे.'

दुसरा प्रश्न चौथ्या वर्षाचा. तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चारला १६०, एवढं कळलं. रिसर्चसह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात म्हणे. पहिल्या सत्रात डेंग्यूमुळे ती ६४ वर अडकली, दुसऱ्यात ७९. हे एकूण धरतात ना, की प्रत्येक सत्रात वेगळे लागतात?

आणि 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एक कोर्स तिने परीक्षा देऊन पूर्ण केलाय, प्रमाणपत्र आहे, पण एबीसी (क्रेडिट जमा होणारी ऑनलाइन बँक) खात्यात क्रेडिट दिसत नाहीत. कॉलेजची खिडकी विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठाचा फोन कुणी उचलत नाही. अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा?

यातून गेलेल्यांनी कृपया लिहा. व्हीएससी, एसईसी, एईसी या कोर्सप्रकारांचे अर्थ पाठ झालेत, ते नाही सांगितले तरी चालेल.