पाण्याच्या टाकीवरून इंटर्नशिपवर

सेक्रेटरी (अ-१०१): रविवारी सकाळी ९ ते १ टाकी धुणे आहे. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. घरटी २०० रुपये.

सोनूची आई (ब-३०४): भाऊ, मध्येच बोलून राहिली, माफ करा. आमचा सोनू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात इंटर्नशिप करा म्हणून कॉलेजनं सांगितलं. पोट्ट्यानं ऑनलाइन ऐंशी ठिकाणी फॉर्म भरले, एकाचं उत्तर नाही. आज फोन आला, ३,००० भरा, घरबसल्या इंटर्नशिप अन् सर्टिफिकेट पक्कं. भरू का?

क-२०२ ताई: नका भरू काकू!! मी भरले होते दोन वर्षांआधी. महिनाभर व्हिडिओ पाठवले, शेवटी एक पीडीएफ आलं. त्यावर माझं आडनावच चुकलेलं. कॉलेजनं घेतलं नाही ते.

ब-१०३ आजोबा: फॉरवर्ड 👉 प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना. महिन्याला ५,००० रुपये. सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा.

क-२०२ ताई: आजोबा, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती निघाली तेव्हाच मी बघितली होती. वय २१ ते २४, अन् पूर्णवेळ शिकणारे चालत नव्हते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच, शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नव्हती. फॉरवर्ड करणारे नियम वाचत नाहीत.

ब-१०३ आजोबा: मला भाच्यानं पाठवलं 🙏

अ-४०२ काका: आपल्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात २६ वर्षं काढली मी, म्हणून सांगतो. ऐंशी फॉर्म म्हणजे एकच कागद ऐंशी ठिकाणी. आमच्याकडे मार्चपासून अशा मेलचा ढीग लागायचा. एकात तर शेजारच्या कंपनीचं नाव होतं! सोनू, तुझा मेल टाक बरं इथं.

सोनू: रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अॅम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड स्टुडंट. काइंडली गिव्ह मी अॅन ऑपॉर्च्युनिटी इन युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन.

अ-४०२ काका: अन् तुला येते काय?

सोनू: सॉलिडवर्क्स, डिझाइनचं सॉफ्टवेअर. कॉलेजच्या गो-कार्टच्या चेसिसचं ड्रॉइंग मीच काढलं होतं.

अ-४०२ काका: मग ते लपवून काहून ठेवलं बाप्पा? चार ओळी लिही. कोणत्या वर्षाला आहो. चेसिसचं ड्रॉइंग मी केलं, सोबत जोडलं आहे. तुमच्याकडे शीट मेटलचं काम होते, ते शिकायचं आहे. अमुक तारखेपासून सहा आठवडे रोज येतो, कॉलेजचं पत्र आणतो. बस. ‘एस्टीम्ड’ काढ.

क-२०२ ताई: लहान कारखान्यांची वेबसाइटच नसते काका, मेल तरी कुठे करणार?

अ-४०२ काका: म्हणूनच जायचं. मेट्रोनं लोकमान्य नगरला उतर, पुढे ऑटो. शिफ्ट सुटताना जाऊ नको, अकराच्या सुमारास जा. गेटवरच्या वॉचमनशी नीट बोल, मालक आहे का नाही हे त्यालाच ठाऊक असते. अन् जाडी मोजायचा वर्नियर वाचता येते ना? आमचे साहेब पोरांच्या हातात वर्नियर अन् एक पिन द्यायचे. अर्धे तिथंच गळायचे.

सोनू: येते काका. लीस्ट काउंट, म्हणजे सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी.

अ-४०२ काका: तोंडी नाही, हातात घेऊन.

अ-२०३ वहिनी: सायन्सवाल्यांचं पण सांगा ना कोणी. आमची बीएस्सीला आहे.

क-२०२ ताई: वहिनी, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे. मॅपिंगची आवड असेल तर व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात एमआरसॅक, राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र. तिथल्या कोणत्या शास्त्रज्ञाचं काम तिच्या विषयाचं आहे ते आधी वाचायला सांगा, मग विभागप्रमुखांच्या पत्रासकट त्यांनाच लिहायचं. प्रयोगशाळांमध्ये ट्रेनिंगची फी असू शकते, पण ती संस्थेच्या खात्यात जाते अन् पावती मिळते. फोनवरच्या माणसाच्या यूपीआयवर नाही!

अ-२०३ वहिनी: 👍 विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपन्यांचं काय?

क-२०२ ताई: तिथल्या मोठ्या आयटी कंपन्यांसाठी आधी कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला विचारा. गेटवर जाऊन उपयोग नाही, बायोडेटा रजिस्टरमध्येच राहते. माझा राहिला.

सेक्रेटरी (अ-१०१): कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत.

— नऊ दिवसांनी —

सोनूची आई (ब-३०४): काका, सोनूला बोलावलं हो एका कारखान्यात! चौदा ठिकाणी गेला या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. चौदाव्यानं वर्नियर दिला हातात. पहिल्यांदा चुकला म्हणे, दुसऱ्यांदा बरोबर. सोमवारपासून ये म्हटलं. पैसे नाही देणार, जोडे आपलेच न्यायचे.

अ-४०२ काका: जोडे सेफ्टीचे घ्या, साधे चालणार नाहीत. सोनू, पहिल्याच दिवशी सांगून ठेव की शेवटी लेटरहेडवर तारखांसकट सर्टिफिकेट लागेल. नंतर मालक सापडत नाही. कॉलेजचं पत्र झालं का?

सोनू: उद्या काका. प्लेसमेंटचे सर सुट्टीवर आहेत.

अ-४०२ काका: अबे, मग विभागप्रमुखांकडे जा ना! आजच जा.

सेक्रेटरी (अ-१०१): अभिनंदन सोनू. ब-३०४ कडून टाकीचे २०० बाकी आहेत.