'इजिन' म्हणजे परदेशी, परका की टोपीकर?

प्रश्न: जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर छोटा कार्यक्रम करतोय, त्यासाठी मराठी मथळे लिहितेय. सादाहिदे या चित्रकाराच्या १८६१ च्या चित्रापाशी गाडी अडली. नाव: 'योकोहामा इजिन शोकान उरिबा नो झु'. 'उरिबा' म्हणजे विक्रीची जागा, 'झु' म्हणजे चित्र. पण 'इजिन शोकान'? 'परदेशी व्यापारी आस्थापना' लिहिलं तर निविदेची जाहिरात वाटते.

— शोकानला डोळे झाकून वखार म्हणा. नागासाकीला देजिमा बेटावर डच व्यापारी कंपनीचं ठाणं होतं, तेही शोकानच. आणि त्याच डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. इजिनसाठी 'टोपीकर' घ्या की! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) सगळे टोपीकरच आहेत. योकोहामा बंदराच्या चित्रांत टोप्याही भरपूर.

— वखार एकदम पसंत. (आज वखार म्हटलं की लाकडाचीच आठवते, पण चित्रही लाकडी ठशाचंच, चालून जाईल.) टोपीकरबद्दल मात्र धाकधूक आहे.

— धाकधूक रास्त आहे. टोपीकर हे अंगावरची खूण बघून पडलेलं नाव. जपान्यांकडे त्या घाटाचा शब्द वेगळा होता: 'कोमो', म्हणजे लाल केसांचे. तो मुख्यतः डचांना. त्याआधी १५४३ पासून आलेले पोर्तुगीज ते 'नान्बान', शब्दशः दक्षिणेकडचे रानटी, कारण दक्षिणेच्या समुद्रातून आले. ही चिनी खोड, चारी दिशांचे लोक रानटी. तेव्हा नान्बानला फिरंगी, कोमोला वलंदेज. इजिनमधला 'इ' म्हणजे निराळा. ना दिशा, ना केस, ना टोपी. १८५८ च्या तहांनंतर अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड, फ्रान्स अशा पाच देशांचे लोक येऊ लागले, सगळ्यांना मिळून एक शब्द हवाच होता. मी 'परका' म्हणेन. 'परकीय'ला सरकारी वास येतो, 'उपरा'त हिणवणं आहे.

— परका पटतं. मग नान्बान ठसाचित्रांनाही 'फिरंगी चित्रं' म्हणू का?

— थांबा, नान्बान चित्रं ठशाची नव्हेत. ते हाताने रंगवलेले घडीचे पडदे, सोनेरी वर्खाचे. फुगीर विजारींचे पोर्तुगीज, मागे छत्री धरलेले काळेसावळे नोकर, आणि डांबर फासलेलं काळं जहाज. त्या व्यापाराची सुरुवात गोव्यातून व्हायची, मग मलाक्का, मकाव, नागासाकी. म्हणजे 'गोव्याचे फिरंगी' लिहिलंत तरी खोटं ठरणार नाही. पाव आपल्याकडेही त्यांचाच, जपानीतला 'पान'ही त्यांचाच. आणि १८५३ ला अमेरिकी नौदलाच्या पेरीची जहाजं आली तेव्हा लोकांनी जुनाच शब्द झटकून बाहेर काढला: 'कुरोफुने', काळं जहाज.

बाकी तुमच्या कार्यक्रमात चित्रकार होकुसाईचं नागासाकीयाचं चित्र जरूर घ्या. एदोत (आजच्या टोकियोत) डच लोक ज्या खानावळवजा मुक्कामी उतरत, तिच्या खिडकीखाली गर्दी लोटलीय, आणि आतून टोपीवाले वलंदेज खाली बघतायत. कोण कुणाला बघतंय तेच कळत नाही. सादाहिदेने निदान योकोहामा स्वतः पाहिलं. योशितोरा या दुसऱ्या चित्रकाराने लंडन रंगवलं ते परदेशी सचित्र वर्तमानपत्रं समोर ठेवून!

— झकास, तेही घेते. मथळा असा केला: 'योकोहामा: परक्यांच्या वखारीतली विक्री'.

— 'विक्री' नको हो, 'उरिबा' ही जागा आहे. आपल्याकडे दुकानात गल्ला असतो, पण माल मांडलेल्या भागाला धड शब्दच नाही. 'काउंटर' लिहिणार का?

१८६१ त काउंटर? 'माल मांडलेली बाजू' लिहा.

— लांब होतंय. 'परक्यांच्या वखारीतलं दुकान'. आता बदलणार नाही, छापायला द्यायचंय.