नवं लायसन, पहिली गाडी आणि विमा : खानदेशातले अनुभव

दोन महिन्यांपूर्वी जळगावला माझं पक्कं लायसन आलं. वय ४३. मुलगा पुण्याला गेला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला दर वेळी रिक्षा शोधायची, म्हणून शिकले. शोरूममध्ये विम्याचा कागद पुढे आला तेव्हा एक जण म्हणाला, "ताई, लायसन नवीन आहे, प्रीमियम जरा जास्त बसेल." मी मान डोलावली. माझा मावसभाऊ इंग्लंडला असतो. तिकडे नवशिक्याला विमा खरोखरच महाग पडतो, कारण तिथे चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव बघतात. त्यामुळे मला ते खरंच वाटलं.

घरी येऊन तपासलं. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, तोही इंजिनावर. जून २०२२ पासूनच्या दराने १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाचे ३,४१६ रुपये. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, १०,६४० रुपये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीची किंमत, वय, सीसी आणि पासिंग कुठलं यावर ठरतो. मुंबई-पुण्याचा झोन वेगळा, आपल्या जळगावच्या एमएच १९ चा वेगळा. लायसन किती जुनं, हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन आकडा बदलून घेतला.

तुमचं पहिल्या वर्षी काय झालं ते लिहा. आपल्या भागातल्या बायका आणि पोरं आता खूप गाड्या शिकताहेत, त्यांच्या कामाला येईल.

पारोळा
काकांची जुनी गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली आणि मला वाटलं, काम संपलं. विमा काकांच्याच नावावर राहिला. दिवाळीनंतर कापसाचे दिवस. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरला मागून घासलं, हेडलाइट आणि बोनेट गेलं. क्लेम नामंजूर. गाडी एकाची, पॉलिसी दुसऱ्याची. नाव बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. थर्ड पार्टी आपोआप आपल्याकडे येतो, पण आपल्या गाडीचं नुकसान त्यात बसत नाही. २८ हजार खिशातून भरले. काकांचा नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, काकांचीच. ती माणसाची असते, गाडीसोबत येत नाही.

नंदुरबार
झिरो डेप घ्या, म्हणजे भाग बदलताना घसारा (जुनेपणाची घट) कापत नाहीत. नवशिक्याने तर नक्कीच. आपण ठोकतो ते बंपरच, आणि प्लास्टिकच्या भागाचे साध्या पॉलिसीत निम्मेच पैसे मिळतात. मी दोनदा भरले.

चाळीसगाव
ऑगस्ट २०२१ चा पूर. गाडी शिकून मला चार महिने झाले होते. सकाळी पाणी उतरलं, सीटपर्यंत गाळ. गाडी वाचली का बघावं म्हणून मी चावी फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून टणकन आवाज आला आणि इंजिन जाम झालं. सीटा, वायरिंग, सफाई सगळं मिळालं, कारण पूर फुल इन्शुरन्समध्ये येतो. इंजिन नाही मिळालं. पाणी शिरलेलं असताना सुरू करायचा प्रयत्न केला, ते नुकसान इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलेलं असेल तरच मिळतं. चावी काढून घ्यायची, टोइंगची गाडी बोलवायची आणि वाट बघायची. हे मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

भुसावळ
ड्युटीच्या गडबडीत नूतनीकरण राहिलं. ९० दिवस उलटले आणि तीन वर्षांचा ३५ टक्के बोनस शून्य झाला. वर गाडीचे फोटो काढून तपासणी. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

धुळे
माझ्याकडे कच्चं लायसन होतं. पुढे-मागे लाल 'एल' लावलेला, शेजारी बाबा. देवपूरला घराजवळच्या गल्लीत वळताना ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला गेला आणि गाडी एका बंद गाळ्याच्या शटरवर गेली. आजी धावत आली, "काय व्हयनं? तुले लागनं का?" मला लागलं नव्हतं, पण हात थरथरत होते.

फॉर्म भरताना गॅरेजवाल्याने बाबांना बाजूला घेतलं. "आबा, गाडी तुम्ही चालवत होता असं लिहा. पोरीचं कच्चं लायसन, उगाच अडेल." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी माझं नाव लिहिलं, कच्च्या लायसनचा नंबर लिहिला, आणि शेजारी बसलेल्या बाबांचाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आला. 'एल' होता का, शेजारी कोण होतं, त्यांचं लायसन चालू आहे का, एवढंच विचारलं. नियमात सगळं बसत होतं. आपण स्वतः भरायचे ठरलेले १,००० रुपये आणि घसारा कापून क्लेम मंजूर झाला. शटरवाल्याचे पैसे बाबांनी त्याच संध्याकाळी दिले.

घरी येताना बाबांनी चावी परत माझ्याच हातात ठेवली. गल्लीच्या त्याच वळणावर मी पहिला गिअर टाकला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले, माझ्या पायांकडे एकदाही नाही.