प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू नेमका कोणत्या मणक्याशी संपतो?

शरीररचना_विद्यार्थिनी

नमस्कार. एका पाठ्यपुस्तकात मज्जारज्जूचे टोक एल१, म्हणजे कमरेच्या पहिल्या, मणक्याच्या खालच्या कडेशी दिले आहे, दुसऱ्यात ते एल१ आणि एल२ यांच्यामधल्या चकतीशी दाखवले आहे, आणि वर्गात आम्हाला एल२ असे सांगण्यात आले. यांपैकी बरोबर उत्तर कोणते मानावे? तसेच हा फरक केवळ पुस्तकांच्या मांडणीतला आहे, की माणसामाणसांत खरोखरच इतका फरक असतो, हेही कोणी समजावून सांगावे ही विनंती.

क्ष_किरण_वाचक

तिन्ही उत्तरे एकाच वास्तवाचे तुकडे आहेत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०४ प्रौढांचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा कोनस मेड्युलॅरिसचे, म्हणजे मज्जारज्जूच्या निमुळत्या टोकाचे, सरासरी स्थान एल१ मणक्याच्या खालच्या तृतीयांशात आढळले. परंतु सर्वांत वरचे टोक छातीच्या बाराव्या मणक्याच्या मध्यभागी आणि सर्वांत खालचे एल३च्या वरच्या भागात होते. म्हणजे सरासरी एका ठिकाणी असली तरी व्याप्ती साधारण तीन मणक्यांएवढी आहे. वयाशी किंवा लिंगाशी लक्षणीय संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. परीक्षेत एल१–एल२ लिहावे, पण मनात मात्र एका बिंदूऐवजी हा पट्टा ठेवावा.

हा फरक येतो कोठून, याचे मूळ वाढीत आहे. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू कण्याच्या नळीची जवळजवळ पूर्ण लांबी व्यापतो. पुढे कणा अधिक वेगाने वाढतो आणि रज्जूचे टोक त्याच्या तुलनेत वर सरकत जाते. जन्माच्या वेळी ते सामान्यतः एल२–एल३च्या आसपास असते आणि पुढच्या काही महिन्यांत प्रौढ पातळीला पोहोचते. दोन ऊतींच्या वाढीच्या वेगांतील तफावतीवर जे ठरते, ते प्रत्येक शरीरात तंतोतंत एकाच जागी थांबेल अशी अपेक्षाच धरता येत नाही.

भूलतज्ज्ञ

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु आमच्या कामात खरी अडचण याच्या पुढे सुरू होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कमरेतून भूल देताना दोन अनिश्चितता एकत्र येतात: रज्जू कोठे संपतो हे बाहेरून कळत नाही, आणि आपले बोट कोणत्या मणक्यावर आहे हेही आपल्याला वाटते तितके खात्रीने कळत नाही. दोन्ही नितंबास्थींच्या वरच्या कडा जोडणारी रेषा एल४ मणक्यावरून किंवा एल४–एल५च्या फटीतून जाते असे आपण शिकतो; पण स्थूल व्यक्तीत आणि गर्भवती स्त्रीत ती हाताने चाचपडताना बहुधा प्रत्यक्षाहून वर गृहीत धरली जाते. २००० सालच्या एका अभ्यासात अनुभवी भूलतज्ज्ञांनी ओळखलेली फट एमआरआयशी ताडून पाहिली, तेव्हा ती केवळ २९ टक्के वेळा बरोबर निघाली, आणि काही वेळा प्रत्यक्ष फट मानलेल्या जागेपेक्षा चार फटी वर होती.

आता या दोन गोष्टी एकत्र करून पाहा. ज्याला आपण एल२–एल३ समजून सुई घातली ती फट प्रत्यक्षात एल१–एल२ असेल आणि रुग्णाचा रज्जू एल२पर्यंत उतरलेला असेल, तर सुई थेट रज्जूला लागू शकते. २००१ साली स्पायनल भुलेनंतर रज्जूच्या टोकाला इजा झालेल्या सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्यांत भूल देणाऱ्यांनी एल२–एल३ फट वापरल्याचे मानले होते. म्हणून प्रौढांत एल३–एल४ किंवा त्याखालची फट निवडावी, असा माझा ठाम आग्रह आहे. तेथे नळीत मेरुद्रवात (रज्जूभोवतीच्या द्रवात) तरंगणारी चेतांची मुळे असतात व ती सुईपासून बरीचशी बाजूला सरकतात. रज्जूला तशी मोकळीक नसते. सुई जाताना रुग्णाने पायात कळ आल्याचे सांगितले, तर औषध न देता सुई मागे घ्यावी.

शरीररचना_विद्यार्थिनी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे: एमआरआयच्या अहवालात टोक एल२च्या खालच्या कडेशी दिसले, तर ते विकार समजावे का?

क्ष_किरण_वाचक

एल२च्या खालच्या कडेपर्यंतचे टोक, इतर काही दोष नसल्यास, मी सामान्य फरकातच धरतो. ते एल२–एल३ चकतीच्या खाली दिसले की मात्र बद्ध रज्जूचा, म्हणजे खाली जखडून ताणल्या गेलेल्या रज्जूचा, विचार करावा, आणि त्यासाठी केवळ पातळीवर न थांबता अंत्यसूत्राची, म्हणजे रज्जूच्या टोकापासून खाली जाणाऱ्या बारीक तंतूची, जाडी २ मिलिमीटरहून अधिक आहे का, त्यात चरबी आहे का, कमरेवर केसांचा पुंजका किंवा खळगी आहे का, तसेच पायांतील अशक्तपणा व लघवीच्या तक्रारी यांची नोंद घ्यावी. आणखी एक सूचना अशी, की काही व्यक्तींत एल५ त्रिकास्थीशी, म्हणजे कमरेखालच्या एकसंध हाडाशी, जुळलेला असतो किंवा त्रिकास्थीचा पहिला खंड सुटा असतो. अशा वेळी मणके मोजण्याची सुरुवात चुकली, तर टोकाची पातळीही एका मणक्याने चुकते. म्हणून अहवालात मणके कोठून मोजले हे लिहिणे मी आवश्यक मानतो.