सोलापूरच्या उन्हात रायडिंग पँट: मेश, जीन्स की नुसते नी-गार्ड?

सातरस्ता:
बाईकने रोज सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, सुट्टीला पंढरपूर नाहीतर विजयपूर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, जाड पँट घालवत नाही. मेश (जाळीदार कापडाची पँट) घ्यावी, अ‍ॅरामिड (केव्हलरसारखा मजबूत धागा) अस्तराची जीन्स घ्यावी, की साध्या पँटवरून नी-गार्ड बांधले तरी भागेल? कंपनीत कपडे बदलायची सोय आहे.

क्लचप्लेट:
नी-गार्डने भागणार नाही. घसरल्यावर कातडी सोलते ती कुल्ल्याची आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची, आणि तिथे गार्ड नसतो. सैल बांधलेला गार्ड तर घसरताना फिरून पोटरीकडे जातो. बदलायची सोय आहे म्हणजे मेशच घ्या. अ‍ॅरामिड जीन्स चांगलीच, पण मे महिन्यात ती घरी राहील, आणि घरी राहिलेली पँट वाचवत नाही.

आतल्या लेबलवर ईएन १७०९२ (रायडिंग कपड्यांचं युरोपियन मानक) आणि वर्ग शोधा. ए, एए, एएए असा चढता क्रम. बी म्हणजे घासण्याला ए इतकीच, पण धक्का झेलणाऱ्या पॅडशिवाय. हायवेला एए हवी, मेशमध्ये बहुतेक ए मिळते. म्हणून जाळी कुठे आहे ते बघा: मांडीच्या पुढे आणि पोटरीला चालेल, पण गुडघा, कुल्ला आणि बैठकीला घट्ट विणीचंच कापड हवं. तिथली शिवण एकेरी असेल तर पँट परत ठेवा.

माळरान:
पॅड वेगळे तपासा, त्यांचं मानक ईएन १६२१-१. धक्का आरपार किती पोचतो त्यावर लेव्हल ठरते: लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (बलाचं एकक), लेव्हल २ ला २०, म्हणजे लेव्हल २ जास्त चांगली. आपल्याकडे महत्त्वाची खूण 'टी+', म्हणजे पॅड ४० अंशाला तपासलाय. मऊ पॅड उन्हात आणखी मऊ पडतात. कुल्ल्याच्या पॅडच्या खिशात बऱ्याचदा नुसता स्पंज भरलेला असतो. त्याच्यावर मानकाचा नंबर नसेल तर बदला.

माप गाडीवर बसूनच घ्या. गुडघा वाकल्यावर पॅड वाटीवर येऊन खाली नडगीवर उतरला पाहिजे. उभं राहिल्यावर थोडा खाली वाटला तरच बसल्यावर जागेवर येतो. आतल्या वेल्क्रोने वर-खाली करता येतो का बघा. लांबी नेहमीपेक्षा दोनेक इंच जास्त, नाहीतर घोटा उघडा पडतो.

सातरस्ता:
घाम आणि पावसाचं काय? धुवायची कशी?

क्लचप्लेट:
आतून पायभर पातळ, घाम ओढणारी टाइट्स घाला. पॅड कातडीला चिकटत नाही, वारा लागला की गारही वाटतं. पावसाला आतलं वॉटरप्रूफ अस्तर नको, बाहेरची मेश भिजून जड होते. वरून घालायची रेन पँट घ्या, फक्त तिचा उजवा पाय सायलेन्सरला टेकू देऊ नका, नायलॉन लगेच वितळतं.

माळरान:
धुताना पॅड काढा, गार पाणी, सौम्य लिक्विड. ब्लीच अजिबात नको. वाळवायची सावलीत, उन्हाने अ‍ॅरामिडचा धागा कमजोर होतो. गच्चीवर दिवसभर टाकू नका.