बर्जर आजार (तंबाखूमुळे हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात तो), बायपास होत नाही म्हणतात. स्टेम सेल घ्यावं का?

कापूसवेचा, चोपडा
रुग्ण पुरुष, वय ४१, वजन ६० किलो, शुगर नाही, रोज २ बंडल विडी. उजव्या पायाचा अंगठा टोकाला काळा. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच डोळा लागतो. अँजिओग्राफीत घोट्याखाली जोडायला नळीच नाही, म्हणून बायपासही नाही, फुग्याने नळी उघडणंही नाही. पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी सलाईनमधून देतो, असं एका ठिकाणी सांगितलंय. घ्यावं का?

तापीकाठ
सलाईनमधून नको, भाऊ. शिरेतून सोडलेल्या पेशी आधी फुप्फुसातच अडकतात, पायाला काय पोचणार? बर्जरसाठी आपल्याकडे परवाना मिळालेलं औषध आहे: बंगळुरूचं स्टेम्प्युसेल. २०१६ला मर्यादित परवाना, २०२०ला पुढचा. दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी, वजनाच्या किलोमागे २० लाख पेशी. म्हणजे या रुग्णाला १२ कोटी पेशी. पोटरीच्या स्नायूत ठिकठिकाणी आणि जखमेभोवती टोचतात.

या पेशी स्वतः रक्तवाहिनी होत नाहीत. त्या व्हीईजीएफसारखे, वाहिन्या वाढवणारे घटक सोडतात आणि आहेत त्या बारीक वाहिन्यांना धुमारे फुटतात. पांझरा नदीच्या फडात (सामाईक पाटपाण्याच्या शेतीत) मोठा पाट बुजला तर बारीक चाऱ्यांच्या पाण्यावर भागवतात ना, तसंच. याला महिने लागतात. वाहिन्या वाढवणारे घटक गाठीलाही पोसू शकतात, म्हणून कॅन्सर असेल किंवा होऊन गेला असेल तर आधीच सांगा.

फार आशाही लावू नका. नेदरलँड्समध्ये पायाचा रक्तपुरवठा खुंटलेल्या, बायपास न होणाऱ्या १६० जणांवर, रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी मांडीच्या धमनीतून ३ वेळा देऊन पाहिल्या (निकाल २०१५). पाय कापण्याचं प्रमाण काही घटलं नाही.

डॉप्लरवाला, धुळे
विडी चालू असेल तर पेशींवरचा पैसा पाण्यात. तंबाखू, मिश्री, गुटखा, सगळं शून्य. 'दिवसाला एकच' सुद्धा नाही.

घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हा आकडा लिहून घ्या. ०.९ खाली म्हणजे अडथळा, ०.४ खाली म्हणजे गंभीर. शुगरवाल्यांत नळ्या कडक होऊन तो खोटाच १.४ वर जातो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात. तो ३० मिमी पाऱ्याखाली असला तर जखम भरणं अवघड.

कापूसवेचा, चोपडा
अंगठा आधी काढून टाकायचा का?

तापीकाठ
कोरडा असेल तर थांबा. रक्त नसलेल्या जागी कापलं की टाकाच भरत नाही, मग पुढचं बोट. वास, पू किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी सर्जन. गरम पाण्याचा शेक बंद. बधिर पाय भाजलेला कळत नाही.

डॉप्लरवाला, धुळे
कोणी 'ट्रायल' म्हणून पैसे मागितले तर सीटीआरआयचा (देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक विचारा. ट्रायलमधल्या रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.