कापरेकर संख्या : लूपने शोधायच्या की डोक्याने?

अंकवेडी (धागाकर्ती)
देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अंकांशी आयुष्यभर मैत्री केली. २९७ चा वर्ग ८८२०९. तो तोडा : ८८ + २०९ = २९७. अशा त्या 'कापरेकर संख्या'. मी अकरावीच्या मुलांना यावर सी प्रोग्रॅम लिहायला देते. १०० ते ९९९ 'फॉर' लूप (म्हणजे प्रत्येक संख्येसाठी तीच कृती पुन्हा पुन्हा), वर्गाला १००० ने भागा, भागाकार आणि बाकी यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली की छापा. दहा ओळींत काम होतं. गणिताची गोडी लावणारा याहून चांगला स्वाध्याय मला तरी माहीत नाही.

पाटीपेन्सिल
ताई, नाही पटलं. स्क्रीनवर २९७, ७०३, ९९९ उमटतात आणि मूल वही मिटतं. चौथी का नाही? वर्ग = १००० × अ + ब आणि संख्या = अ + ब. वर्गातून संख्या वजा केली की उरतं ९९९ × अ. म्हणजे संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जायला हवा. ९९९ = २७ × ३७. लगतच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून २७ अख्खा एकीकडे, ३७ अख्खा एकीकडे. चारच शक्यता, त्यातली एक म्हणजे १. उरल्या तीन. लूप लागलाच कुठे?

अंकवेडी
सिद्धता सुंदर आहे, पण ती ऐकायची भूक यादीने लागते. चार अंकी यादी छापली तेव्हा एका मुलीने २२२३ आणि ७७७७, २७२८ आणि ७२७२, ४९५० आणि ५०५० अशा जोड्या लावल्या. प्रत्येक बेरीज १००००! "मॅडम, का?" हा प्रश्न तिथे जन्मला.

सेमीकोलन
पाच अंकी करताना जपा. ४६३४१ चा वर्ग सी मधल्या ३२ बिटांच्या 'इंट' या पूर्णांक-प्रकारात मावत नाही, त्याहून मोठा 'लाँग लाँग' घ्या. शिवाय वर्ग कुठेही तोडायची मुभा दिलीत तर ४८७९ सुद्धा येते : २३८ + ०४६४१. मग तुमची यादी बरोबर की माझी?

पाटीपेन्सिल
दोन्ही. तुमची ४८७९ ही ९९९९९ च्या हिशेबातली, कारण उजवीकडे पाच अंक ठेवलेत. ताई, एवढंच करा : ९९९९ = ९ × ११ × १०१. आधी कागदावर आठ शक्यता काढून घ्या, प्रोग्रॅम नंतर.

अंकवेडी
उलट क्रमाने करेन. आधी यादी, मग अवयव. ९,९९,९९९ चे २७, ७, ११, १३, ३७, म्हणजे ३२ शक्यता. त्या हाताने काढायला मुलं स्वतःहून बसतील, कारण यादी त्यांनी पाहिलेली असेल.